मोकळ्या मानेचा झो

मित्रांनो, मी एक म्हातारा झो आहे. माझे वडील याक होते आणि आई साधी गावची गाय. त्यामुळे याक मला गाय समजतात आणि गायी मला याक समजतात. मला विचाराल तर मी दोघांपेक्षाही देखणा आहे. माझं नाव नाकपो. आमच्या बोलीत नाकपो म्हणजे काळा. आता उन्हानं आणि वयानं माझी पाठ तांबूस झाली आहे, पण नाव काही कोणी बदललं नाही.

हल्ली माझा बराचसा दिवस डुलक्या घेण्यात जातो. गावाच्या वरच्या अंगाला ओढ्याकाठी एक उबदार जागा आहे. तिथे बसलं की वर मठाच्या पताका फडफडत असतात, खाली पाणी वाहत असतं, आणि आपण जागे आहोत की झोपलोय हेच मला कळेनासं होतं. कधीकधी वाटतं, डाव्या बाजूला माझा नांगराचा जोडीदार करदोंग उभा आहे. मान वळवून बघतो तर तिथे एक पांढरा दगड असतो. मग मी पुन्हा डोळे मिटतो, म्हणजे तो परत करदोंग होतो.

माझा जन्म उंचावरच्या कुरणात झाला. उन्हाळ्यात गावच्या बायका गुरं घेऊन तिथे राहायला जातात, लोणी काढतात, चीज वाळवतात. मी जन्मलो त्या दिवशी भर उन्हाळ्यात बर्फ पडलं. अबी कुन्झेसनी आपल्या पाठीवरचं बकऱ्याचं कातडं काढून मला गुंडाळलं आणि स्वतः कुडकुडत बसल्या. अबी म्हणजे आजी, आणि आदरानं हाक मारताना अबीले. त्या तेव्हाही गावभरच्या अबीच होत्या. दूध काढताना आधी मला पोटभर पिऊ द्यायच्या आणि मग उरलेलं भांड्यात घ्यायच्या. बाकीच्या बायका हसायच्या, "अबीले, यंदा लोणी वासराच्या पोटातच घुसळणार का?" अबी म्हणायच्या, "पुढे नांगर ओढेल तेव्हा व्याजासकट देईल."

नांगर ओढायला मला मेमे मोरुपनी शिकवलं. मेमे म्हणजे आजोबा, अबींचे यजमान. त्यांनी मला उजवीकडे जुंपलं आणि डावीकडे करदोंगला. करदोंगचं तोंड पांढरं, अंग धिप्पाड आणि स्वभाव आळशी. तो स्वतःहून कधी पाऊल टाकायचा नाही. मी टाकलं की मगच टाकायचा, पण एकदा टाकलं की नांगराचा फाळ दगड असो की माती, चिरत जायचा. मी अर्धं पाऊल पुढे आणि तो अर्धं पाऊल मागे, अशी आमची चाल होती. मेमे मागून गाणं म्हणायचे. मातीतल्या किड्यांनो, रागावू नका, जरा बाजूला सरा, आम्हाला पोटापुरतं पेरू द्या, असं काहीतरी ते गाणं होतं. त्याचे सूर इतके लांब असायचे की एक सूर एका बांधावरून सुरू होऊन दुसऱ्या बांधाला संपायचा. त्या सुरात चालताना मानेवरचं जू कळायचं नाही.

पहिल्या नांगरटीच्या दिवशी आमच्या शिंगांना लोणी फासायचे. मागून बायका ढेकळं फोडत यायच्या, सातू फेकायच्या, हसायच्या. बांधावर छांगेचं, म्हणजे सातूच्या दारूचं मडकं असायचं आणि छांग गाळून उरलेला चोथा आमच्यासाठी असायचा. "जोडी असावी तर मेमे मोरुपची," असं लोक म्हणायचे. मी ते ऐकून मान थोडी वर करायचो. करदोंगचं मात्र चोथ्याकडे लक्ष असायचं.

मेमे आणि अबी यांच्यात गोड बोलणं मी कधी ऐकलं नाही. आमच्या गोठ्याच्या डोक्यावरच त्यांचं स्वयंपाकघर होतं आणि लाकडी तक्तपोशीच्या फटींतून सगळं खाली यायचं, धूरही आणि शब्दही. अबी म्हणायच्या, "चहात मीठ आहे की नाही तेही कळत नाही याला, नुसता ढोसतो." मेमे म्हणायचे, "कळतं, पण बोललो तर उद्या तेही घालणार नाहीस." मग दोघंही गप्प बसून चहा प्यायचे. त्यांचा संसार असाच चालला होता.

एका हिवाळ्यात अबी अंथरुणाला खिळल्या. खिंडी बर्फानं बंद होत्या. गावचा वैद्य आला, त्यानं नाडी पाहिली, पुड्या दिल्या, पण अबींच्या पोटात दोन घासही टिकेनात. वरून येणारे आवाज कमी झाले. मग मठातले वृद्ध लामा आले. त्यांनी पोथी वाचली आणि सांगितलं, "अबींच्या नावानं एका जिवाला सोडा."

आमच्याकडची ही जुनी रीत आहे, मित्रांनो. जनावराच्या कानात लाल दोरा ओवायचा, कपाळाला लोणी लावायचं, मंत्र म्हणायचे. त्या दिवसापासून त्याला कापायचं नाही, विकायचं नाही, त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही की पाठीवर ओझं लादायचं नाही. त्या जिवाला जीवदान दिलं की त्याच्या पुण्यावर आजारी माणूस तगतं. आणि दिलेला शब्द मोडला तर काय होतं, ते कोणी मोठ्यानं बोलत नाही.

मेमेंनी आधी म्हातारी शेळी सोडायचं ठरवलं होतं. हे अबींच्या कानावर गेलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण धार तशीच होती.

"कोणाला सोडणार म्हणालास?"

"शेळीला."

"ती खोकते तिला?"

"खोकली म्हणून काय झालं? जीव तो जीव."

"जन्मभर तुझी चूल फुंकली. तुझ्या आईबापाचं केलं. आणि माझ्या जिवासाठी खोकणारी शेळी. लामांना विचारून ठेव, माझ्याआधी तीच गेली तर काय करायचं."

त्यांचा मुलगा गुरमेत खो खो हसला. सून यांगदोलही हसली. मेमे हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गोठ्यात आले. शेळीच्या बाजूनं पुढे गेले, करदोंगला ओलांडलं आणि माझ्यासमोर उभे राहिले. बराच वेळ त्यांनी माझ्या शिंगांच्या मधोमध हात ठेवला होता. मग दावं सोडून मला अंगणात नेलं. लामा पोथी उघडून बसले होते. यांगदोलनं देवदारासारख्या वासाच्या पाल्याची धुरी धरली होती. अबी गोधडीत गुरफटून वरच्या खिडकीत बसल्या होत्या. माझ्या कानात दोरा ओवला तेव्हा थोडं दुखलं. कपाळाला लोणी लागलं, ते वितळून माझ्या नाकावर आलं आणि मी ते चाटलं. सगळं झालं आणि मग यांगदोलच्या हातातली धुरी थांबली.

"मेमेले," ती हळूच म्हणाली, "बर्फ उतरल्यावर नांगर कोण ओढणार?"

लामांनी पोथीतून मान वर केली. मेमेंचा हात माझ्या कपाळावरच राहिला. ते खरोखरच विसरले होते. घरातलं सगळ्यात चांगलं जनावर द्यायचं एवढंच त्यांच्या मनात होतं. अंगणात कमरेएवढं बर्फ असताना पेरणी कोणाला आठवणार? त्यांनी वर खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "दोरा बांधून झालाय."

अबी हळूहळू सावरल्या. आधी पेज, मग शेवयांचा थुकपा, मग भांडण. बायका शेतातल्या बर्फावर माती पसरायला लागल्या, ते लवकर वितळावं म्हणून, तेव्हा अबी खिडकीत बसून त्यांना सूचना देत होत्या. दोऱ्याचा गुण आला, असं सगळं गाव म्हणालं.

आणि मी? खरं सांगतो, सुरुवातीला मला फार मजा वाटली. मी कुठेही जाऊ शकत होतो. ज्या दारात जाईन तिथे लोक हात जोडायचे आणि काहीतरी खायला द्यायचे. कोणी हाकललं नाही, कोणी बांधलं नाही. पण नांगरटीचे दिवस आले, शेजारच्या शेतातून गाणी ऐकू यायला लागली, आणि माझी मान हलकी हलकी वाटायला लागली. ती हलकी मान मला आवडेना.

आमच्याकडे उन्हाळा पाहुण्यासारखा येतो आणि चहा पिऊन होण्याआधीच उठतो. सगळ्या गावाला मोजक्या दिवसांत पेरणी उरकावी लागते. उशिरा पेरलेला सातू हिरवाच राहतो आणि पहिल्या थंडीत काळा पडतो. त्या दिवसांत गावातला प्रत्येक झो कुठे ना कुठे जुंपलेला असतो. शेजारचे आजांग, म्हणजे मामा, तोंडुप जिभेनं तिखट होते, पण स्वतःची नांगरट संपताच त्यांनी आपला झो आणून दिला. तो माझ्या जागी, उजवीकडे जुंपला. मेमेंनी नांगर धरला, गाणं सुरू केलं. करदोंगनं उजवीकडे पाहिलं, हुंगलं आणि खाली बसला.

बसला म्हणजे बसलाच. गुरमेतनं ओढलं, ढकललं. यांगदोलनं चोथ्याचं भांडं नाकासमोर धरलं. करदोंगनं चोथा खाल्ला आणि पुन्हा बसला.

"मेमे," तोंडुप म्हणाले, "बायको माहेरी गेल्यावर तुझा गुरमेत असाच बसतो ना?"

दुसऱ्या दिवशीही तेच झालं आणि तिसऱ्या दिवशीही. तोंडुपांच्या झोसोबत दुसऱ्या कोणाचा झो जोडावा म्हटलं, तर सगळे अजून आपापल्या शेतात होते. आजूबाजूची शेतं काळीभोर झाली आणि मेमेंचं शेत मात्र पांढरट, कडक पडून राहिलं. मी बांधाबाहेर उभा राहून बघत होतो. कोणी मला बोलावत नव्हतं. मेमे तर माझ्याकडे बघतही नव्हते, जणू नजरेनंसुद्धा जुंपल्याचं पाप लागेल.

त्या दिवशी अबी काठी टेकत शेतावर आल्या. आजारानंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडल्या होत्या. त्या कोणाशीही न बोलता सरळ माझ्याकडे आल्या आणि माझा कान हातात धरला.

"हा दोरा माझ्या नावाचा आहे ना? मग मीच सोडते. जुंपा याला."

"हात लावू नकोस," मेमे म्हणाले.

"कोठारात सातू नसला तर हिवाळ्यात जगून खाऊ काय? तुझी बोलणी?"

"मागून खाऊ."

"तू मागणार? तोंडुपकडे?"

"मी देईन," तोंडुप म्हणाले, "पण दोन शब्द ऐकवून देईन."

कोणी हसलं नाही. अबींची बोटं दोऱ्याच्या गाठीवर होती. गाठ काही सुटत नव्हती. मेमे नांगर टाकून जवळ आले.

"कुन्झेस," ते म्हणाले. चारचौघांत त्यांनी अबींना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. "शेत यंदा राहिलं तर पुढच्या वर्षी पेरीन. तू राहिली नाहीस तर मी कोणासाठी पेरू?"

अबींची बोटं गाठीवरून बाजूला झाली. त्यांचा हात माझ्या कानावर तसाच होता. यांगदोल ओढणीचं टोक डोळ्यांना लावून दुसरीकडे बघत होती. तोंडुपसुद्धा आपल्या पायांतल्या जोड्यांकडे बघत राहिले.

मित्रांनो, तेव्हा मी फार मोठा विचार केला, असं सांगायला मला आवडलं असतं. पण तसं नाही. करदोंगनं मला पाहून घोगरा आवाज काढला, एवढंच झालं. मी अबींच्या हातातून कान सोडवला, पडक्या बांधावरून आत गेलो. माझी जागा दुसऱ्यानं घेतली होती, म्हणून जुवाच्या पुढे जाऊन उभा राहिलो. करदोंग उठला.

"हड, बाहेर हो," मेमे ओरडले. "गुरमेत, काढ त्याला."

गुरमेत पुढे यायच्या आत मी एक पाऊल टाकलं. करदोंगनं एक पाऊल टाकलं. तोंडुपांच्या झोला टाकावंच लागलं. कोणी न धरलेला नांगर वेडावाकडा सरकला, तेव्हा गुरमेत मला काढायचं सोडून नांगराकडे धावला. मी मोकळाच होतो. मानेवर काही नाही, पाठीवर काही नाही. मी नुसता चालत होतो आणि माझ्या मागून माती फुटल्याचा आवाज येत होता. शेताच्या टोकाला मी वळलो, तेही वळले. परत येताना मी पाहिलं, अबी बांधावर बसल्या होत्या आणि मेमे त्यांच्या शेजारी उभे होते. त्यांनी गाणं धरलं. पहिला सूर फुटला नाही. दुसरा लागला.

संध्याकाळी गावात चर्चा झालीच. सोडलेल्या जनावराकडून काम करून घेतलं, असं काही जण म्हणाले. यांगदोल घाबरून लामांना घेऊन आली. लामांनी माझी मान हातानं चाचपून पाहिली.

"याच्या मानेवर जू ठेवलं होतं?"

"नाही," मेमे म्हणाले.

"हाक मारली होती?"

"उलट हाकलला होता. ऐकेना."

"मग हा फिरायला निघाला होता," लामा म्हणाले. "त्याच्या मित्राला त्याच्या मागून जावंसं वाटलं. यात पाप कसलं?" आणि ते यांगदोलकडे वळून म्हणाले, "चहा आहे का?"

त्या वर्षी सातू पिकला, थंडी पडायच्या जेमतेम आधी. पहिल्या लोंब्या घरातल्या मधल्या खांबाला बांधल्या. अबी जगल्या. चांगल्या भरपूर जगल्या आणि मेमेंना भरपूर बोलल्या. दर वसंतात मी पुढे चालायचो आणि करदोंग मागून ओढायचा. गाव म्हणायचं, मेमेंची जोडी तिघांची आहे. मला वाटतं, माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस तेच. ते आठवताना अजूनही डुलकी लागते.

मग दिवस सरत गेले. एका सकाळी करदोंग उठला नाही. मी त्याच्यासमोर जाऊन बराच वेळ उभा राहिलो, एक पाऊल टाकून पाहिलं, पण तो उठला नाही. काही वर्षांनी अबी गेल्या, उन्हाळ्यात, झोपेतच. तोवर गावापर्यंत रस्ता आला होता. गुरमेतनं नांगरायचं यंत्र आणलं. आठवड्याचं काम ते अर्ध्या दिवसात उरकतं. ते चांगलंच आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. फक्त त्याच्या आवाजात गाणं म्हणता येत नाही.

मेमेंना गुरमेतनं सांगितलं, "तुम्ही आता आराम करा." त्यांना चुलीजवळची जागा दिली, वेळेवर चहा दिला, मऊ जेवण दिलं. कोणी काही कमी केलं नाही. पण ते रोज काठी टेकत वर ओढ्याकाठी यायला लागले. माझ्या शेजारी बसायचे, माळ फिरवायचे. एकदा म्हणाले, "आपल्या दोघांनाही सोडलंय, नाकपो." त्यांच्या बाहीला लोण्याचा वास येत होता, ती मी चाटली.

गेल्या वसंतात खाली यंत्र घरघरत होतं आणि मेमेंनी अचानक जुनं गाणं धरलं. माझे पाय आपोआप उभे राहिले. मी चालायला लागलो, त्या दगडगोट्यांच्या उतारावरून, जिथे गवतसुद्धा धड उगवत नाही. मेमे माझ्या मागून येत होते. त्यांचे दोन्ही हात पुढे होते, जणू मुठीत नांगर धरलाय. टोकापर्यंत गेलो, वळलो, परत आलो. दोघांनाही दम लागला. यांगदोल खालच्या बांधावर उभी राहून हे बघत होती, ते आम्हाला मागाहून कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वर आली.

"मेमेले, कोपऱ्यातल्या चिंचोळ्या पट्टीत यंत्र वळत नाही. गुरमेत कुदळीनं खणतोय, पण दर दोन हातांवर टेकतो आणि मोबाइल बघतो. तुम्ही दोघं येऊन नुसते पुढे चाला. गाणं म्हणा. म्हणजे त्याला लाज वाटेल."

"यानं काम करायचं नसतं," मेमे म्हणाले.

"कामाला कोण बोलावतंय? फिरायला चला."

आता ती पट्टी आमची आहे. मी पुढे चालतो, मेमे मागून गातात, त्यांच्या मागून गुरमेत घामाघूम होऊन खणत येतो. मेमे त्याला वाकडं खणल्याबद्दल बोलतात, अगदी अबींच्या आवाजात.

मित्रांनो, माझ्या कानात दोरा बांधला याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. त्या दोऱ्यानं अबी जगल्या आणि मीही जगलो. पण कोणाचा जीव वाचवला, कोणाचं ओझं उतरवलं, की आपलं कर्तव्य संपलं असं समजू नका. तुमच्या घरीही कोणीतरी असेल, चार पायांचं किंवा दोन पायांचं, ज्याला तुम्ही आता आराम कर म्हणून सांगितलं असेल. त्याला वेळेवर खायला तर तुम्ही देतच असाल. फक्त ताट ठेवून लगेच उठून जाऊ नका, एवढंच माझं मागणं आहे.

माझे दात आता बरेच पडले आहेत. यांगदोल संध्याकाळी माझ्यापुढे लसूणघासाची पेंढी टाकते आणि मी ती फार सावकाश खातो. ती कमरेवर हात ठेवून समोर उभी राहते. म्हणते, "आटप रे म्हाताऱ्या, मला घरी शंभर कामं पडली आहेत." दर दोन घासांनी असंच म्हणते. आणि जात नाही.